चाकाला स्पेसर लावताय? आधी बोल्ट मोजा

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी तरी पोलो उभी असतेच. २००९ ते २०२२ ही गाडी चाकणलाच बनत होती, त्यामुळे तिचा गोतावळा इथे मोठा. या मंडळींची एक ठरलेली कुरकुर असते: चाकं मडगार्डच्या आत दबलेली दिसतात. मग कोणीतरी स्पेसर सुचवतं, नाना पेठेत चौकशी होते, दहा एमएमची जोडी हातात पडते आणि दुकानदार वर "हेच बसतील" म्हणत बोल्टची एक पिशवी देतो. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसून चाक बाहेर ढकलणारी ॲल्युमिनियमची चकती; हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग. नीट बनवलेली असेल तर तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. घोळ असतो तो त्या पिशवीत. बोल्ट आखूड निघाला तर चाक चार-पाच आट्यांवर लटकतं. लांब निघाला तर हबच्या मागून बाहेर येतो आणि मागच्या ड्रमच्या आत ब्रेकच्या भागांना भिडतो. चाक लावल्यावर यातलं काहीच बाहेरून दिसत नाही, म्हणून इथे स्पेसरपेक्षा बोल्टवरच जास्त लिहिलं आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत असलेला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्पेसरसोबत जर्मनीतल्या टीयूव्ही या तपासणी संस्थेचा कागद आला, तर तो मालाच्या दर्जाबद्दल काहीतरी सांगतो. संगम पुलाजवळच्या आरटीओत त्याला परवानगी म्हणत नाहीत. विमा कंपनीला लेखी कळवा आणि गाडी वॉरंटीत असेल तर थोडं थांबा. टायर मडगार्डच्या कडेबाहेर काढायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

गाडी बोल्टची की नटची?

फोक्सवॅगन, स्कोडा, आउडी, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फियाट या गाड्यांना चाकाचे बोल्ट असतात. चाक काढलं की हबवर नुसती भोकं दिसतात. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या गाड्यांत हबमध्ये स्टड ठोकलेले असतात आणि त्यावर नट बसतो. पुढचं बरंचसं बोल्टच्या गाड्यांबद्दल आहे, नटवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

खरेदीआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: पीसीडी, सेंटर बोअर, आट्यांचं माप आणि सीटचा, म्हणजे बोल्टच्या चाकाला टेकणाऱ्या भागाचा, आकार. पोलोचं उदाहरण घेऊ. पीसीडी ५ × १००, म्हणजे १०० एमएम व्यासाच्या वर्तुळावर पाच भोकं. सेंटर बोअर, म्हणजे मधलं भोक, ५७.१ एमएम, बोल्ट एम१४ × १.५ (१४ एमएम जाड, आट्यांमधलं अंतर १.५ एमएम), आणि कंपनीच्या चाकांना गोल सीट, ज्याला बॉल सीट म्हणतात. ऑक्टाव्हियाला पीसीडी ५ × ११२ आहे, सेंटर बोअर मात्र तेच ५७.१. त्यामुळे "फोक्सवॅगन-स्कोडाचे स्पेसर" असं मोघम मागितलंत तर चुकीची जोडी गळ्यात पडायची शक्यता चांगलीच आहे.

सेंटर बोअर दशांशापर्यंत जुळलं पाहिजे. हबच्या मध्यभागी जी उभी कडा असते, ती चाकाच्या मधल्या भोकात घट्ट बसते आणि चाक केंद्रात धरते. चांगल्या स्पेसरला आतून हबच्या कडेवर बसणारं भोक असतं आणि बाहेरून तशीच नवी कडा असते. कडेशिवायचा जाड स्पेसर घेतला तर चाक केंद्रात आणायचं काम नुसत्या बोल्टवर पडतं आणि ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. बाहेरचे अलॉय असतील आणि त्यांचं भोक ७३.१ असेल, तर ७३.१ वरून ५७.१ करणारी रिंग स्पेसरच्या नव्या कडेवरही लागेल. ही रिंग बहुतेक जण विसरतात.

एका चकतीत चार-पाच पीसीडीची लांबट भोकं पाडलेला "सगळ्या गाड्यांना चालणारा" स्पेसर मिळतो. तो घेऊ नका. भोसरीत ओळखीच्या लेथवाल्याकडून चकती कापून घ्यायचा मोह पुण्यात फार जणांना होतो, कारण तिथे सीएनसीवर काय वाटेल ते बनतं. माप चोख येईलही. पण ती चकती कुठल्या ॲल्युमिनियमची आहे हे कोण सांगणार? चांगले स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ या दर्जाच्या ॲल्युमिनियममधून काढलेले असतात. भंगारातून उचललेल्या गोळ्यावर असा छाप नसतो.

किती जाडीचा घ्यायचा

याला अंदाज चालत नाही, ओळंबा लागतो. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि मडगार्डच्या कडेवरून, चाकाच्या बरोबर मध्यावर ओळंबा सोडा. दोरी आणि टायरचा बाहेरचा फुगवटा यातलं अंतर पट्टीने मोजा. चारही चाकांना मोजा, कारण डावी-उजवी बाजू बऱ्याचदा दोन-तीन एमएमने वेगळी निघते. सगळ्यांत कमी आलेल्या आकड्यातून किमान पाच एमएम वजा करा, उरतं ते तुमचं कमाल माप. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊन कात्रजच्या घाटात वळणावर गाडी बसते, तेव्हा टायर आणि मडगार्डची आतली कडा किती जवळ येतात हेही याच आकड्यातून सांभाळायचं असतं.

चाकावर ईटीचा, म्हणजे ऑफसेटचा, आकडा कोरलेला असतो: चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती एमएम बाहेर आहे ते. ईटी ४० च्या चाकाला १० चा स्पेसर लावला की ते ईटी ३० सारखं वागतं. दोन्ही बाजूंचे दहा-दहा मिळून चाकांमधलं अंतर २० एमएमने वाढतं. यामुळे बेअरिंगवर जोर वाढतो आणि खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवतो. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला पुढे ५ ते ८ आणि मागे १० ते १२ पुरे. वीस-पंचवीस लावून सिंहगड रोडने रोज ऑफिसला जाणाऱ्यांची हौस मला कळते, त्यांच्या बेअरिंगचं मात्र वाईट वाटतं. एका ॲक्सलवर दोन्ही बाजूंना एकच जाडी हवी हे वेगळं सांगायला नको.

पाच एमएम किंवा त्याहून पातळ स्पेसरला स्वतःची कडा सहसा नसते. मग हबची मूळ कडा स्पेसरमधून बाहेर किती उरते ते व्हर्नियरने (बारीक मापाची सरकती पट्टी) मोजा. ती काठोकाठच संपत असेल तर चाक केंद्रात बसणार नाही. त्यापेक्षा कडा असलेला जाड स्पेसर घ्या किंवा तो विचारच सोडा.

बोल्टचा हिशोब

साधा नियम असा: मूळ बोल्टची लांबी अधिक स्पेसरची जाडी. पोलोचा मूळ बोल्ट २७ एमएमचा आहे, म्हणजे १० च्या स्पेसरला ३७ आणि १५ ला ४२ चा बोल्ट. ही लांबी सीटच्या खालच्या भागाची असते, डोकं आणि सीट त्यात धरत नाहीत. दुकानात पट्टी लावून डोक्यासकट मोजणारे भेटतात, तिथे गणित फिसकटतं.

हा नियम कंपनीच्या मूळ चाकांना लागू होतो. चाकं बाहेरची असतील तर प्रत्यक्षच मोजा, कारण त्यांच्या बोल्टच्या सीटची खोली वेगळी असते. चाक काढून उभं धरा, बाहेरच्या बाजूने बोल्ट भोकात पूर्ण बसवा आणि मागच्या पृष्ठभागातून तो किती बाहेर आला ते व्हर्नियरने मोजा. समजा २० एमएम आला. त्यातले काही एमएम डिस्कच्या वरच्या पत्र्यातून जातात आणि तिथे आटे नसतात. डिस्कचा तो भाग समजा ६.५ चा असेल, तर हबच्या आट्यांत शिरतात १३.५ एमएम. आट्यांचं अंतर १.५, म्हणजे बरोबर नऊ फेरे.

किमान किती फेरे हवेत याचे आकडे ठरलेले आहेत. एम१२ × १.५ ला साडेसहा, एम१२ × १.२५ ला आठ, एम१४ × १.५ ला साडेसात, एम१४ × १.२५ ला नऊ. आता वरचंच उदाहरण पुढे न्या. १० चा स्पेसर आणि ३७ चा बोल्ट: पुन्हा १३.५ एमएम, नऊ फेरे, उत्तम. दुकानदार म्हणतो ३७ नाही, ३५ आहेत, "दोन एमएमने काय होतंय?" ३५ ला आटे उरतात ११.५ एमएम, म्हणजे फेरे सात आणि थोडे. हे कागदावर जेमतेम पास होतं. चाकाच्या बाबतीत मला जेमतेम नको. तो ४० चे देऊ लागला तर १६.५ एमएम, अकरा फेरे. धरायला भक्कम, पण आता बोल्ट हबच्या मागून बाहेर निघतोय का ते बघावं लागेल.

ते बघायची पद्धत सोपी आहे. चाक काढून व्हर्नियरची मागची पातळ पट्टी बोल्टच्या भोकातून आत सोडा आणि डिस्कच्या पृष्ठभागापासून हबच्या मागच्या कडेपर्यंतची खोली घ्या. बोल्ट चाक आणि स्पेसरच्या मागे जितका येणार तो आकडा या खोलीपेक्षा जास्त असेल, तर बोल्ट मागे डोकावणार. पुढे डिस्क असेल तर टॉर्च मारून हबच्या मागे बघता येतं: तिथे एबीएसचा सेन्सर, धूळरोधक पत्रा वगैरे असतं. मागे ड्रम असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक पोलोंना मागे ड्रमच आहेत, तर आतलं काहीच दिसत नाही. ब्रेकचे शू, स्प्रिंगा, हँडब्रेकचा लिव्हर सगळं त्याच जागेत दाटीने बसलेलं असतं. तिथे बोल्टची लांबी मापातच हवी.

सीटचा आकार लांबीइतकाच महत्त्वाचा. फोक्सवॅगन, स्कोडा, आउडीच्या मूळ चाकांना गोल सीटचा बोल्ट लागतो, पोलोला आर१३, म्हणजे १३ एमएम त्रिज्येची गोलाई. बीएमडब्ल्यूला ६० अंशांचा शंकू. बाहेरच्या अलॉयला बहुतेक वेळा शंकूच. शंकूच्या जागेत गोल बोल्ट पिळला तर तो घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकतो एका बारीक रेघेवर, आणि काही दिवसांत ढिला पडतो. नवा बोल्ट घेतल्यावर जुन्याच्या शेजारी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. फरक लगेच कळतो. डोक्यावर १०.९ हा दर्जा उमटवलेला आहे का तेही तपासा.

आणि संख्या. पाच भोकांच्या गाडीला एका ॲक्सलसाठी दहा, चारही चाकांना वीस. चोरीविरोधी लॉकचे बोल्ट असतील तर त्यांची लांबीही वाढली पाहिजे. सोळा लांब आणले आणि चार लॉकचे जुनेच ठेवले, म्हणजे प्रत्येक चाकाचा एक बोल्ट आखूड राहिला.

बसवताना

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला क्लिक होणारा पाना), वायर ब्रश, टी३० हा चांदणीच्या आकाराचा बिट, व्हर्नियर, जॅक आणि जॅक स्टँड. टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा, पण त्याशिवाय सुरू करू नका. पार्किंगमध्ये उतार असेल तर गाडी दुसरीकडे हलवा. बऱ्याच सोसायट्यांच्या तळघरात पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना जाणवत नाही.

जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट पाव फेरा सैल करा, मग जॅकवर घ्या आणि स्टँड लावा. चाक काढा.

आता हब स्वच्छ करायचा, आणि या कामात अजिबात घाई नको. पुण्यातला एखादा पावसाळा काढलेल्या गाडीच्या हबच्या कडेवर गंजाचा थर चढलेला असतो. वायर ब्रशने तो काढा, मग बारीक पॉलिश पेपर, शेवटी सुकं फडकं. बोट फिरवून बघा. एखादी पापडी राहिली असेल तर स्पेसर तिथे उचलला जाईल आणि पुढे सगळं वाकडं होईल. मग डिस्क धरून ठेवणारा छोटा टी३० स्क्रू बघा. त्याचं डोकं डिस्कच्या पृष्ठभागात बुडालेलं हवं. वर आलं असेल तर स्पेसर त्याच्यावर टेकून बसतो, म्हणून तो नीट आवळा आणि स्पेसरमध्ये त्यासाठी भोक असेल तर ते त्याच्यावर आणा. नव्या गाडीत स्टडवर पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात, त्या काढून टाका.

हबच्या कडेवर तांब्याच्या किंवा सिरॅमिक ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा, म्हणजे पुढच्या वर्षी स्पेसर चिकटून बसणार नाही. बोल्टच्या आट्यांना आणि सीटला मात्र काहीही लावायचं नाही, तेलही नाही. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांचे असतात. आटे तेलकट असले की रेंच तोच आकडा दाखवतो, पण बोल्टवर प्रत्यक्ष ताण त्यापेक्षा बराच जास्त येतो.

स्पेसर हाताने बसवा. तो दाबून सपाट बसला पाहिजे, हातोडीची गरज पडत असेल तर माप चुकलंय. चारही बाजूंनी बोट लावून डोलतोय का ते बघा.

बोल्टच्या गाडीत एक अडचण असते: चाक उचलून धरायचं, स्पेसरची भोकं जुळवायची आणि पहिला बोल्टही लावायचा, हे एका माणसाचं काम नाही. त्यासाठी एक सोय करून ठेवा. जुना बोल्ट घेऊन त्याचं डोकं कापून टाका, वरून पेचकस लागेल अशी खाच पाडा. तो हबमध्ये हाताने फिरवला की खुंटी तयार. स्पेसर तिच्यावर अडकवायचा, मग चाक, दुसऱ्या भोकांत बोल्ट लावायचे आणि शेवटी खुंटी काढून तिच्या जागी बोल्ट. भोसरीच्या लेथवाल्याचा खरा उपयोग इथे आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पहिला बोल्ट हाताने फिरवत आत न्या आणि फेरे मोजा. डोक्यावर मार्करने एक ठिपका काढला की मोजायला सोपं. पहिला आटा पकडल्यापासून सीट चाकाला टेकेपर्यंत साडेसात किंवा जास्त फेरे झाले पाहिजेत. तीन-चार फेऱ्यांत अडकला तर आटे वाकडे बसलेत, उलटा फिरवून पुन्हा लावा. सीट टेकायच्या आधीच टक्क होऊन थांबला तर बोल्ट आत कशाला तरी भिडलाय, तिथेच थांबा. हवेची गन हे दोन्ही अडथळे विनातक्रार पार करते, म्हणून ती वापरायची नाही. गॅरेजवाला "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणत गन उचलेल. त्याला चहा पाजा आणि पाना स्वतःच्या हातात घ्या.

सगळे बोल्ट हाताने लागले की पाच बोल्टना एक सोडून एक या क्रमाने आवळा, चारला फुलीच्या क्रमाने. चाक हवेत असताना अंदाजे निम्मा टॉर्क द्या. मग गिअर न्यूट्रल करा, मागचं चाक असेल तर हँडब्रेक सोडा (इतर चाकांचे दगड आहेत ना, ते आधी पाहा) आणि चाक हाताने दोन-तीनदा पूर्ण फिरवा. घासल्याचा, खरडल्याचा कुठलाही आवाज आला तर चाक पुन्हा काढा. आवाज नसेल तर गाडी खाली घ्या आणि पूर्ण टॉर्क द्या. पोलोला १२० न्यूटन मीटर. इतर गाड्यांचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. रेंच एकदा क्लिक झाला की झालं, "अजून एकदा" म्हणून पुन्हा दाबू नका.

पहिले शंभर किलोमीटर

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मग मागे तीन जण बसवून सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून हळू जा आणि कानावर भरवसा ठेवा. टायर आतल्या कडेला घासला तर मडगार्डच्या प्लास्टिकवर चकाकती रेघ दिसते.

५० ते १०० किलोमीटर झाल्यावर, चाकं थंड असताना, प्रत्येक बोल्टवर पुन्हा टॉर्क रेंच लावा. एखादा बोल्ट क्लिकपर्यंत पोचायला फिरला, तर आणखी ५० किलोमीटरनी परत तपासा. तोच पुन्हा फिरला तर सीट चुकलीय किंवा खाली घाण आहे. थरथर जाणवली तर लगेच बॅलन्सिंगच्या मागे लागू नका. आधी स्पेसर काढून गाडी चालवा. थरथर गेली तर दोष स्पेसरचा, हबच्या गंजाचा किंवा रिंगचा.

नटवाल्यांसाठी

स्विफ्टचे स्टड एम१२ × १.२५, आय२० आणि सिटीचे एम१२ × १.५. दिसायला सारखे आहेत आणि चुकीचा नट एक-दोन फेरे जातोसुद्धा, त्यानंतर आटे खातो. पातळ स्पेसर लावला की तेवढे आटे कमी होतात, कारण स्टडची लांबी तीच राहते. म्हणून किमान फेऱ्यांचा आकडा इथेही मोजायचा. कमी पडत असतील तर हबमधले स्टड ठोकून काढून लांब स्टड बसवावे लागतात. हे प्रेसचं काम आहे, हातोडीने ठोकून बसवलेला स्टड वाकडा राहतो. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचे स्टड असलेला २० किंवा २५ एमएमचा जाड स्पेसर. तो मूळ स्टडवर नटने आवळायचा आणि चाक त्याच्या स्टडवर लावायचं. इथे टॉर्क दोनदा द्यावा लागतो. आतले नट झाकले जात असल्यामुळे शंभर किलोमीटरनंतर चाक उतरवून तेही तपासायचे. मूळ स्टडची टोकं स्पेसरच्या बाहेर येत असतील तर चाकाच्या मागे त्यांना खाच हवी, नाहीतर चाक त्या टोकांवर टेकेल.

स्टेपनी आणि सर्व्हिस

मूळ बोल्टचा एक पूर्ण संच कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवा. चाकं बाहेरची असतील आणि बोल्ट शंकूचे, तर स्टेपनीला ते चालत नाहीत. तिला गोल सीट लागते. मग पंक्चर झालेल्या चाकाचा स्पेसर काढायचा आणि स्टेपनी मूळ बोल्टनी लावायची. लांब बोल्ट स्पेसरशिवाय लावला की तो तेवढाच जास्त आत जातो, म्हणजे थेट ड्रममध्ये. एक्स्प्रेसवेवर रात्री मदतीला आलेल्या माणसाला हे माहीत असण्याचं काहीच कारण नाही. पिशवीत एक चिठ्ठी टाकून ठेवा: "स्पेसर काढून हे बोल्ट लावा, गन नको, १२० टॉर्क." लॉकची चावीही त्याच पिशवीत.

सर्व्हिसला गाडी देताना सल्लागाराला जॉबकार्डवर लिहायला लावा की चाकांना स्पेसर आहेत आणि पुढच्या-मागच्या बोल्टची लांबी वेगळी आहे. चाकं अदलाबदल करताना पुढचे ३५ मागे आणि मागचे ३७ पुढे गेले, तर बिल देताना ते कोणालाच दिसणार नाही. मागच्या बोल्टच्या डोक्यांवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन ठेवला की ही भानगड राहत नाही.